बस्त्यावरचं मागणं

धाराशिव
१५ एप्रिल २०२६

ती. आत्या,
साष्टांग नमस्कार.

फोनवर तुम्हाला ऐकू जात नाही आणि मी ओरडायला लागले की शेजारचे दार उघडून बघतात, म्हणून हे पत्र. परांड्याच्या गाडीवर महारुद्र नावाचे कंडक्टर आहेत, हर्षालीच्या पप्पांचे जोडीदार. ते सोनारीच्या स्टँडवर पत्र देतील. उत्तरही त्यांच्याच हाती द्या.

विषय हर्षालीचा आहे. तिची चौथीची परीक्षा पंचवीस तारखेला संपते आणि तिथून जूनच्या मध्यापर्यंत सुट्टी. नेमकी तेव्हाच आमच्या कापड दुकानात लग्नसराई. यंदा सतरा मेला धोंड्याचा महिना लागतोय, त्यात लग्नं होत नाहीत, म्हणून सगळ्यांना त्याच्या आत उरकायची घाई. रोज दोन-दोन बस्ते असतात. मालक विरुपाक्षअप्पांनी आम्हा कामाच्या बायकांना आधीच सांगून टाकलंय, सराईत कुणी सुट्टी मागायची नाही. ह्यांचं तर विचारूच नका. शाळेला सुट्टी लागली की एसटीच्या जादा गाड्या सुटतात आणि ड्रायव्हरच्या रजा बंद होतात. लोकांची लेकरं मामाच्या गावाला पोहोचवायची आणि आपलं लेकरू घरात कुलपाआड.

मागच्या वर्षी शेजारच्या शुभांगीवहिनी होत्या, त्यांनी सांभाळलं. त्या आता लातूरला गेल्या.

परवा शाळेत पालकांची मीटिंग होती. एक जण उभे राहून म्हणाले, "एवढी लांब सुट्टी कशाला ठेवता? आम्ही दोघं कामावर जाणार, पोरं कुठं ठेवायची?" त्यावर बाई म्हणाल्या, "मे महिन्यात ह्या पत्र्याखाली दुपारी एक तास बसून दाखवा, मग बोलू." मला दोघांचंही पटलं, म्हणून मी गप्प बसले.

आत्या, सुट्टीभर तिला तुमच्याकडं पाठवू का? एक अडचण आहे. मागच्या वर्षी मी तिला शब्द दिला होता की पुढच्या सुट्टीत मी घरी राहीन. ती तो विसरलेली नाही. तिला वाटतं मी दुकानात पंख्याखाली गादीवर बसून दिवसभर साड्या बघते. मीच तसं सांगितलंय. लहान असताना, आई थकली का, आई थकली का, म्हणून मागं लागायची, म्हणून.

तुमची,
शिवकन्या

*

सोनारी
१९ एप्रिल

चि. शिवकन्येस आशीर्वाद.

पाठवू का म्हणून इचारतीस? तुझी माय गेली तवापासून तू माझ्याच दारात वाढलीस. तवा कुणी इचारलं होतं का? पाठव लेकराला. चिंच काढून ठेवलीय, म्हैस दुधावर हाय, माळवदावर हवा असती.

ऐकू येत न्हाय म्हणून फिकीर करू नको. पुण्याहून भाच्यानं कानात घालायचं मशीन आणलं होतं. म्या ते अंघोळीच्या वक्ताला भितीवर ठिवलं आन माकडानं नेलं. इथली माकडं तुला ठावं हायत. आता ते काळभैरवाच्या देवळावर बसून साऱ्या गावाचं ऐकतंय आन मी बसलीय बहिरी.

तिला दिलेला शब्द तू मोडायली, तर लेकरू रुसंल. रुसू दे. हिकडं रुसायला बी जागा लई हाय.

सत्यभामा

*

धाराशिव
२९ एप्रिल

ती. आत्या,

सोमवारी तिला गाडीत बसवून दिलं. महारुद्रभाऊंनी पुढची सीट दिली होती. खिडकीशी बसली, पण माझ्याकडं बघितलं नाही. गाडी सुटली तेव्हा मी हात हलवला. तिनं दप्तर मांडीवर घेतलं आणि समोर बघत राहिली.

तुमच्या शेजारच्या सिताबाईंच्या फोनवर मी रोज रात्री लावते. त्या म्हणतात, "अगं, आता इथंच होती, कुठं पळाली कुणास ठाऊक." रोज पळते का ती? जेवते का? खरं सांगा आत्या.

निघताना मी तिला म्हणाले, "आठ दिवसांत मी येतेच." येता येणार नाही, हे मला तेव्हाच माहीत होतं. गाडीत चढत नव्हती, म्हणून म्हणाले.

शिवकन्या

*

सोनारी
२ मे

चि. शिवकन्या,

लेकरू मजेत हाय. खाती, पिती. म्हशीला नाव ठिवलंय, मोटारीण. फोन वाजला की पळती हे खरं हाय, पर ते खेळायच्या नादात. तू मनाला लावून घेऊ नको.

रोज सांजच्याला म्या तिला स्टँडवर फिराया नेते. तिला तिथं लई आवडतं. परांड्याची गाडी येऊन गेली की मगच घरी येती.

सिताबाईच्या मोनिकाचं लगीन ठरलंय, तेरा तारखेला. पोरगा तेरखेड्याचा हाय, त्याच्या घरचे फटाक्याच्या कारखान्यात कामाला असत्यात, म्हणून व्याही बी आवाजाचे. त्यांच्यातला येंकटमामा बोलला तर मला बी ऐकू येतं, इतकं म्हणलं तरी पुरे. बस्ता कुठं बांधायचा यावरनं रोज बैठक बसती. सिताबाई म्हणती बार्शीला, ते म्हणत्यात आमाला बार्शी लांब पडती.

तुझ्या दुकानाचं नाव काय गं? आन तू कंच्या बाजूला असतीस?

सत्यभामा

*

धाराशिव
४ मे

ती. आत्या,

पत्र वाचून जीवात जीव आला. गाड्यांचं वेड बापाचं आहे तिला. लहानपणी रडायला लागली की हे तोंडानं हॉर्न वाजवायचे.

पण एक विचार रोज डोक्यात येतो. काम सोडून द्यावं का? यंदा ही सुट्टी कशीतरी निघेल, पुढच्या वर्षी पुन्हा हेच. ह्यांना विचारलं तर म्हणतात, "तुझं तू बघ, मी नको म्हणणार नाही आणि सोड पण म्हणणार नाही." अप्पांकडं मला सात वर्षं झाली. साड्यांच्या काउंटरला मी सगळ्यांत जुनी. गिऱ्हाईक दारातून आत आलं की कोणता रंग घेणार ते मला कळतं. पण माझ्या लेकीच्या मनात काय आहे ते फोनवर कळत नाही.

हे पत्र घातलंय त्या पिशवीवर दुकानाचं नाव आहे. उजव्या हाताला, काठपदरांपाशी मी असते. तुम्हाला कशाला हवंय?

शिवकन्या

*

सोनारी
५ मे

शिवकन्या,

काम सोडायचं न्हाय. आदी हे वाच, मग बाकीचं.

आता खरं सांगते. लेकरू स्टँडवर गाड्या बघाया जात न्हाय. परांड्याच्या गाडीतनं तू उतरतीस का ते बघाया जाती. आठ दिवस म्हणली होतीस न्हवं? आठव्या दिशी नवा फ्राक घालून बसली. गाडीतनं कोण कोण उतरलं, तू न्हाय. घरी आल्यावर एवढंच म्हणली, "आजी, आईला दुकानच आवडतं." मागल्या पत्रात म्या दडवलं. तुझ्या जिवाला घोर नको म्हणून दडवलं, पर ते बरं केलं न्हाय.

म्हणून आता ऐक. बस्ता तुझ्या दुकानात बांधायचा. गुरुवारी. सिताबाईला म्हणलं, "पोरगी माझ्या भाचीच्या हातची साडी नेसून जाऊ दे." ती तयार न्हवती. मग येंकटमामाला म्हणलं, "धाराशिव तुमाला जवळ." तो तयार झाला, आन तो तयार झाला की साऱ्या गावाला कळतं.

हर्षालीला सोबत धाडते. म्या येत न्हाय, गुडघे बोलाया लागलेत आन मोटारीण माझ्याबिगर पान्हा सोडत न्हाय. बस्ता बांधून झाला की नवरीकडनं एकजण दुकानदाराला वरचं काहीतरी मागतं, हे तुला काय सांगाया पायजे. आमच्यात ते लहान लेकरानं मागायचं असतं, दुकानदाराला न्हाय म्हणता येत न्हाय. सिताबाईनं तो मान हर्षालीला दिलाय. म्या तिला पढवून ठिवलंय, छत्री माग. चांगली, दांड्याची. शाळेला उपेगी पडंल.

तू कामात असशील तर कामात राहा. तिला बघू दे.

सत्यभामा

*

धाराशिव
८ मे

ती. आत्या,

तुमचं पत्र बस्त्याच्या आदल्या दिवशी मिळालं. रात्रभर झोप लागली नाही. सगळं सांगते, तुम्ही तिथं नव्हता म्हणून.

अकराच्या सुमाराला दोन जीपा आल्या. सिताबाई, मोनिका, तिच्या मावश्या, तेरखेड्याची माणसं, आणि सगळ्यांच्या पुढं व्यंकटमामा, "शेठ, पंखे वाढवा, आमी आलोय" म्हणत. हर्षाली त्यांच्यात होती. दोन घट्ट वेण्या, लाल रिबिनी, नाक उन्हानं सोललेलं. ती गादीवर मोनिकाशेजारी मांडी घालून बसली.

आमच्या दुकानाचा नियम आहे, घरचं कुणी आलं तरी काउंटरला घरगुती बोलणं नाही. अप्पा गल्ल्यावर समोरच बसलेले. माझ्या तोंडून सवयीनं निघालं, "या ताई, काय दाखवू?" आणि मी ते माझ्याच लेकीकडं बघून म्हणाले.

ती म्हणाली, "काठपदर दाखवा."

दाखवले. एक उलगडली, म्हणाली नको. दुसरी उलगडली, "भडक आहे." तिसरीला, "ती वरची काढा. ती नाही, तिच्या वरची." मी स्टुलावर चढले, काढली, उतरले, उलगडली. "ही पण नको." मोनिकाला हसू आवरेना. सिताबाई म्हणाल्या, "अगं कारटे, लगीन तुझं हाय का हिचं?" व्यंकटमामा म्हणाले, "राहू द्या, ही पुढं वकील हुणार!" माझ्यावर कसला राग काढला जातोय ते त्यांना कुणालाच माहीत नव्हतं. मला माहीत होतं, म्हणून मी उलगडत राहिले. समोर साड्यांचा ढीग झाला.

मी पुन्हा स्टुलावर चढत होते, तेव्हा तिनं माझ्या पायांकडं बघितलं. आम्ही गादीवर अनवाणी उभ्या असतो. सराईत पाय सुजतात आत्या, घोट्याला बोट दाबलं तर खड्डा राहतो. तिनं विचारलं, "तुम्ही बसत का नाही?"

मी म्हणाले, "गिऱ्हाईक असताना बसत नाहीत, ताई."

"मग गिऱ्हाईक कधी नसतं?"

माझ्याबरोबर काउंटरला असणारी मंगल हळूच म्हणाली, "धोंड्यात."

त्यानंतर मी जी साडी उलगडली, तिला ती म्हणाली, "ही छान आहे. हीच घ्या." पुढच्या साडीलाही तेच. "ही पण छान आहे. पॅक करा." मोनिका कळवळून म्हणाली, "अगं हर्षू, हा शेवाळी रंग मला न्हाय शोभत!" तर तिला म्हणते, "शोभतो. तुला कळत नाही. आता आणखी बघायच्या नाहीत." आणि पुढं सरकून तिनं ढिगातली एक साडी ओढली आणि घडी घालायला बसली. चुकीची घालत होती. मी घालू दिली. हळूहळू सिताबाईंच्या लक्षात यायला लागलं असावं, कारण त्यांनी पदर तोंडाला लावला.

मोनिकानं शेवटी जांभळी घेतली, हिरव्या काठांची. ती आत येतानाच मला कळलं होतं की हीच घेणार.

हिशोब झाला, घासाघीस झाली. व्यंकटमामांचा आवाज चौकापर्यंत गेला असेल. गाठोडं बांधायला घेतलं आणि अप्पा नेहमीसारखं हसत म्हणाले, "बोला, नवरीकडून वरचं कोण मागतंय?" सिताबाईंनी हिला पुढं ढकललं.

मी मनात म्हणत होते, छत्र्या डाव्या कपाटात आहेत.

ती म्हणाली, "मला आईची सुट्टी पाहिजे."

अप्पांना कळेना. "कुणाची आई, बाळ?"

तिनं माझ्याकडं बोट केलं.

मला वाटलं, गेलं काम. अप्पा एकदा माझ्याकडं बघतात, एकदा तिच्याकडं. तेवढ्यात व्यंकटमामा म्हणाले, "शेठ, बस्ता बांधलाय. आता न्हाय म्हणता येत न्हाय. न्हायतर आमी पुन्हा बसतो आन सगळा माल पयल्यापासनं उलगडाया लावतो!" सगळे हसले. अप्पासुद्धा.

"बरं," अप्पा म्हणाले, "एक दिवस."

तासभर घासाघीस बघून ती शिकलेली. म्हणाली, "चार."

"चार नाही परवडत."

"मग परवडतात तेवढे द्या, पण एक नको."

"मधला पाडा," व्यंकटमामा ओरडले, "तीन!"

अप्पांनी डोकं खाजवलं. "धोंडा लागला की तीन दिवस. पगारी. बांधा आता ते गाठोडं, म्हणजे मी सुटलो."

जीप निघताना मी दारापर्यंत गेले. ती खिडकीतून वाकून हळू आवाजात म्हणाली, "तू म्हणाली होतीस, बसून असते."

मी म्हणाले, "हो गं."

"खोटं होतं."

"हो."

मग विचारलं, "रात्री पाय दुखतात?" आणि मी काही म्हणायच्या आत जीप निघाली.

छत्री राहिली. मागं वळून तिनं हात हलवला की वेणीची रिबीन सोडवत होती, ते मला नीट दिसलं नाही.

शिवकन्या

*

सोनारी
११ मे

चि. शिवकन्या,

तुझं पत्र लांब, माझे डोळे दमले, म्हणून सिताबाईनं जोरानं वाचून दाखवलं. ती वाचताना रडायली आन मी ऐकू येत न्हाय म्हणून ओरडायली, "काय झालं, काय झालं!" लोकांना वाटलं कुणाचं काय झालं.

म्या तिला छत्रीच सांगितली होती. देवाशप्पथ. वाटंत तीनदा म्हणवून घेतली होती, असं सिताबाई म्हणती. ती आल्यावर इचारलं, "छत्री कुठाय?" तर म्हणली, "आजी, छत्री आपण परांड्याच्या बाजारातनं घेऊ. आईची सुट्टी तिथं मिळत न्हाय."

दोन भाकरी खाल्ल्या. मग पेटीतनं माझी सगळी लुगडी काढली आन घडी घालाया बसली. नीट बसंना म्हणून पुन्हा उलगडायची. दोन दिस झालं, हेच चाललंय. बाई, मला नेसाया सुदीक एक ठिवत न्हाय.

फोन वाजला तवा पळाली न्हाय, तुलाच ठावं हाय. मला तिचं बोलणं ऐकू आलं न्हाय, पर लई येळ बोलत होती. एका पायावर उभी ऱ्हाऊन बोलत होती.

आता धोंड्याला जावईबापूंना घेऊन ये. अनारशाला तांदूळ भिजत घातल्यात. त्यांना रजा नसंल तर परांड्याची मुक्कामी गाडी मागून घ्या म्हणावं. रातीला कुणाच्याबी फटफटीवर बसून जेवाया या. मोटारीणला बी नवी घंटा आणलीय.

सत्यभामा

*

धाराशिव
२९ मे

ती. आत्या,

सुखरूप पोहोचले. ह्यांना अजून तुमच्या पुरणाच्या धोंड्यांची झोप येते. मुक्कामाची गाडी सकाळी वेळेवर काढली ते नशीब.

दुकानात आता शांत आहे, जावयांना कापडं घेणारे तेवढे येतात. एक गोष्ट सांगायची राहिली. परत आले तर काउंटरमागं, चढायच्या स्टुलाशेजारी, बसायचं एक लाकडी स्टूल ठेवलेलं. कुणासाठी, ते अप्पांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. आळीपाळीनं बसतो. मी आधी बसले नाही, सवय नाही. मंगलनं हात धरून बसवलं.

तुमच्याकडून गाडी सुटताना हर्षालीनं हात हलवला, तुम्ही बघितलंच. रिबीन नव्हती.

ती म्हणाली, "आता रोज स्टँडवर यायचं नाही. तुझे दिवस संपले ते मला माहीत आहे." तेव्हापासून तेच डोक्यात आहे. शाळेत पुन्हा मीटिंग झाली तर मी उभी राहीन. सुट्टी कमी करा असं म्हणणार नाही. एवढंच विचारीन, तिच्यातले चार दिवस आम्हाला कुठून मिळतील? कुणाकडं उत्तर नसेल, पण विचारीन.

काम सोडत नाही. तुम्ही म्हणालात म्हणून नाही. तिनं मला बजावलंय, "काम सोडू नको, पण खोटं सांगू नको." दोन्ही जमेल असं म्हणाले आहे.

पंधरा तारखेला शाळा उघडते. तेराला ह्यांची परांड्याची पाळी आहे, तेच तिला घेऊन येतील.

शिवकन्या

*

सोनारी
१७ जून

चि. शिवकन्येस आशीर्वाद.

लेकरू पोचल्याचं महारुद्रानं सांगितलं. बापाच्या गाडीत पुढं बसून गेली, साऱ्या गावानं बघितलं.

माझी लुगडी घडी घालून पेटीत लावून गेली. आता मोडवत न्हायत, म्हणून अंगावर एकच हाय.

मशीन घावलं. देवळामागं पुजाऱ्याला मिळालं, माकडाला कंटाळा आला असंल. घातलं कानात. वाजतंय अजून, पर घरात ऐकाया काय हाय? मोटारीण रवंथ करती तेवढं ऐकू येतं.

तू एप्रिलात लिवलं होतंस, सुट्टी लई लांब हाय. तवा मला बी वाटलं होतं, लेकरू दीड महिना कसं ऱ्हाईल. परवा सांजच्याला म्हशीचं उरकलं आन पाय आपसूक स्टँडकडं वळले. म्या म्हणलं, आता आलेच हाय तर बसू. परांड्याची गाडी आली. खडखड लांबनंच ऐकू आली, मशीनचा तेवढा उपेग झाला. चार माणसं उतरली, एक कोंबड्याची पाटी उतरली. महारुद्रानं दारातनं इचारलं, "आजी, कुणाला न्यायला आलाव?"

म्या म्हणलं, "कुणाला न्हाय. गाड्या बघाया आलेय."

काल बी जाऊन आले.

दिवाळीची सुट्टी कधी लागती आन किती दिसांची असती, ते तेवढं शाळेत इचारून कळव.

सत्यभामा